मुदतीचा विश्वास

६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या लाखो ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट बंद पडले. त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँकची सेवाही कोलमडली. कुठे तार तुटली नव्हती, कोणी घुसखोरीही केली नव्हती. दोन्हीकडे एरिक्सन कंपनीची यंत्रणा होती आणि तिच्या सॉफ्टवेअरमधील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. मी अभियंता नाही. पण या बातमीने मला या विषयाच्या नादी लावले.

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी दोन चाव्यांची कल्पना मांडली: एक उघड, दुसरी गुप्त. पण समोर आलेली उघड चावी नेमकी कोणाची, हे कसे ओळखायचे? १९७८ मध्ये एमआयटीतील लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात उत्तर सुचवले: नाव आणि चावी एकत्र लिहावी व खाली विश्वासू तिसऱ्याने सही करावी. हेच प्रमाणपत्र. १९८८ च्या एक्स.५०९ मानकाने त्याला ठरावीक साचा दिला.

ज्या वायफायवर प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड असतो, तिथे आपली ओळख तपासणारा सर्व्हर आधी स्वतःचे प्रमाणपत्र दाखवतो. फोनने तीन गोष्टी पाहायच्या असतात: सही कोणाची, नाव बरोबर आहे का, आणि मुदत शिल्लक आहे का.

मी ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचायला जातो, तिथे एकदा ही मुदत संपली. कर्मचारी म्हणाले, "काही नाही हो, 'विश्वास ठेवा' दाबा." सगळ्यांनी दाबले, मीही दाबले. पुढे वाचताना कळले, की त्याच नावाचे खोटे वायफाय कोणी शेजारी उभे केले असते, तर त्यालाही आम्ही असेच पासवर्ड देऊन बसलो असतो. बंद पडलेल्या वायफायपेक्षा ही सवय अधिक घातक.

आणखी एक गंमत घड्याळाची. काही लहान राऊटरांत घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की ते १९७० सालात जागे होतात आणि धडधाकट प्रमाणपत्राची मुदत त्यांना 'अजून सुरूच झालेली नाही' असे वाटते. म्हणून यंत्राने आधी नेटवर्कवरून वेळ जुळवून घ्यावी लागते. काही ॲक्सेस पॉइंटांत कारखान्यातच बसवलेले प्रमाणपत्र दहा वर्षांचे असते. ते संपले की यंत्र ठणठणीत असूनही कंट्रोलर त्याला दारात उभे करत नाही.

उपाय साधा आहे. कोणत्या यंत्रात कोणते प्रमाणपत्र, सही कोणाची, मुदत कधीपर्यंत आणि नूतनीकरण कोण करणार, याची नोंद हवी. गुप्त चावी ईमेलने फिरवू नये. सही करणाऱ्या संस्थेचे मूळ प्रमाणपत्र फोनमध्ये आधीच बसवून द्यावे, म्हणजे 'विश्वास ठेवा' विचारण्याची वेळच येत नाही.

ग्रंथालयात आता अशी एक वही ठेवली आहे. पुस्तके परत करण्याच्या तारखा सांभाळणाऱ्या माणसांना ती समजावून सांगायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत.