पन्नाशीतला पैलवान आणि लाल माती

कुंडलचे कुस्ती मैदान जवळ आले की पलूसच्या चहाच्या टपरीवर एक जुना वाद नव्याने रंगतो. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर आणि हिंदकेसरी मारुती माने पन्नाशीत समोरासमोर आले असते, तर कोणी कोणाला आस्मान दाखवले असते? आंदळकर पुनवतचे, माने कवठेपिरानचे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणले. आंदळकर सर्वांत वरच्या वजनगटात, माने त्याच्या खालच्या. त्यामुळे एक पक्ष वजनाकडे बोट दाखवतो, दुसरा चपळाईकडे. माने २०१० मध्ये गेले, आंदळकर २०१८ मध्ये. वाद मात्र मिटत नाही.

डॉक्टर म्हणून माझे उत्तर वेगळे आहे. डावपेच डोक्यात असतात, ते पन्नाशीतही जात नाहीत. पण दम जातो. दोन-तीन मिनिटांत निकाल लागला नाही, तर ज्याला आधी धाप लागेल तो खाली.

हे सांगण्याचे कारण, गेल्या महिन्यात असेच एक जुने पैलवान दवाखान्यात आले. वय ५५. गावच्या जत्रेत जुन्या जोडीदाराबरोबर त्यांची प्रेक्षणीय कुस्ती ठरली होती. "डॉक्टर, फिट असल्याचा दाखला तेवढा द्या. दोन मिनिटांची तर कुस्ती!" लंगोट उतरवून २२ वर्षे झालेली. वजन ११२ किलो, बी.पी. १७० वर १००. खुराक मात्र तालमीतलाच: दूध, तूप, बदाम. मेहनत बंद झाली, ताट तेच राहिले. आपल्या भागातल्या किती पैलवानांची कहाणी ही!

वाचकहो, हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती वाढू शकतात, याचा ढोबळ हिशेब २२० वजा वय असा करतात. विशीत २००, पंचावन्नाव्या वर्षी १६५. म्हणजे इंजिनाची धाव कमी झाली आणि गाडीवरचे ओझे वाढले. त्यात कुस्तीत पैलवान दम कोंडून जोर लावतो, त्या क्षणी रक्तदाब भलताच चढतो. तरुण रक्तवाहिनी ते सोसते. चरबीने अरुंद झालेली सोसेलच असे नाही. आणि साधा ई.सी.जी. चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. तो पडल्या पडल्या काढलेला असतो.

पैलवानांनी मला मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमनचे उदाहरण ऐकवले. नातवाने सांगितले असावे. १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी त्याने २६ वर्षांच्या मायकेल मूररला पाडून जगज्जेतेपद मिळवले, हे खरे. पण तो १९८७ पासून सलग लढत होता. मी त्यांना महंमद अलीचे सांगितले. ऑक्टोबर १९८० मध्ये ३८ व्या वर्षी तो लॅरी होम्ससमोर उतरला तेव्हा अंगाने सडसडीत दिसत होता. पण थायरॉइडच्या गोळ्या घेऊन वजन उतरवलेले, अंगात त्राण नव्हते. दहाव्या फेरीनंतर त्याच्याच गुरूने लढत थांबवली. १९८४ मध्ये त्याला कंपवाताचे निदान झाले.

मी दाखला दिला नाही. ते रागावून उठले, पण दारातून परतले. "मग काय करू म्हणता?" सांगलीला स्ट्रेस टेस्टला पाठवले. चालत्या पट्ट्यावर पाचव्या मिनिटाला छातीत दाटले आणि तपासणी थांबवावी लागली. अँजिओग्राफीत एक वाहिनी बरीच अरुंद निघाली.

आता गोळ्या चालू आहेत. पहाटे चाळीस मिनिटे चालतात, संध्याकाळी तालमीत पोरांना डाव सांगतात, काठाला बसून. दूध अर्ध्यावर आले. तुपाबद्दल अजून घासाघीस चालू आहे. त्यांच्या जोडीदारालाही तपासायला घेऊन या, असे मी दोनदा सांगितले. "त्याला काय धाड भरलीय?" असे उत्तर मिळाले. तो अजून आलेला नाही.