मे महिन्यातला मुक्काम

दिवाळी अंकांत दरवर्षी निदान एक लेख मामाच्या गावाचा असतोच. त्यात आंबे असतात, विहीर असते, अंगणातली झोप असते आणि शेवटी मोबाइलच्या नावाने बोटं मोडलेली असतात. या आठवणी खोट्या नाहीत. पण ती सुट्टी मोबाइलने संपवली, हे मला पटत नाही. तिचा पाया त्याआधीच खचला होता.

कोकणापुरतं बोलायचं, तर तो पाया मुंबईच्या गिरणीत होता. कमावता माणूस लालबाग-परळच्या खोलीत आणि बाकीचं घर गावी. शाळा सुटली की मुलांची रवानगी तिकडे. रस्ते धड नव्हते तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोट. अनेक बंदरांत ती दूरच नांगर टाकायची. मग वळकट्या, ट्रंका, पोरंबाळं यांच्यासकट हलत्या पडावात उतरायचं. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या गोष्टी ऐकतच पुढची पिढी बोटीत चढली. मग एसटी आली, कशेडी घाटात खिडकीची जागा कुणाला यावरून भांडणं आली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तोवर जाणारेच कमी झाले होते.

गावी पोचल्यावर मात्र सगळा उनाडपणा नसे. मे महिना बेगमीचा. पाऊस दाराशी यायच्या आत लाकूडफाटा रचायचा, घर शाकारायचं, झावळ्या विणायच्या आणि मिळेल त्या हाताला कामाला लावायचं. रातांबेच घ्या. फळ फोडून बिया नि गर एका भांड्यात काढायचे, सालं वेगळी. त्या रसात मीठ घालून सालं बुडवायची, उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी पुटं चढत सालं काळसर झाली की आमसुलं तयार. बोटांच्या चिरांत तो आंबट खारटपणा शिरला की चरचरायचं. पलीकडे रायवळ आंब्यांची साठं ताटांत वाळत. कावळे हाकायला अर्थातच पोरं. ओले काजू सोलताना चिकाने हातांची सालं निघायची, तरी उसळीच्या आशेने कुणी उठत नसे.

देशावर चित्र वेगळं, हिशेब तोच. पहाटे कुरडयांचा चीक शिजे, तो वाटीभर मिळावा म्हणून मुलं लवकर उठत आणि मग दिवसभर वाळवण राखत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत ढकललं जाणं हे पोहण्याचं शिक्षण. मराठवाड्यात रात्री माळवदावर अंथरुणं.

आता मोडलं कसं, तेही कोकणापुरतंच सांगतो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातली हजारो घरं त्यातून सावरलीच नाहीत. 1990 पासून रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली. उघड्या कातळ-डोंगरांवर हापूसची कलमं आणि काजू उभे राहिले, बागांना गडगे आले. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकनही मिळालं. गावात पैसा आला, हे चांगलंच झालं; त्यावर शहरात बसून उसासे टाकायचा आपल्याला अधिकार नाही. पण रायवळ आंबा ज्याने पाडला त्याचा असे, आणि पेटीत मोजला जाणारा आंबा पोराने दगड मारून पाडायचा नसतो. त्यात वाटण्या झाल्या. एका सातबाऱ्यावर डझनभर नावं आली की घर सगळ्यांचं होतं आणि पाहुण्यांना चहा करायला कुणीच नसतं. चाकरमानी आजही जातो, पण गर्दी गणपतीला. मे महिन्यातल्या लांबलचक मुक्कामाची सवय मोडली.

या साऱ्या आठवणींत मला एक मोठी उणीव दिसते. त्या लिहिल्या आहेत सुट्टीवर गेलेल्यांनी. वीस-पंचवीस पानं वाढणारी मामी, रहाटाचं पाणी भरून खांदे दुखलेली काकी यांचा मे महिना त्यांत क्वचितच सापडतो. भाचरं आली की माया होती, पण चूलही दुप्पट वेळ पेटायची. आपल्या घरात अशी कुणी मामी-काकी अजून असेल, तर या दिवाळीत फराळाला बसल्यावर तिला विचारा, तेव्हा तिला सुट्टी कधी असायची. आणि ती जे सांगेल, ते लिहून ठेवा.