घर ‘स्मार्ट’ झाले, पण आकडे कोण वाचणार?

पुण्यातले एखादे तीन पिढ्यांचे घर डोळ्यांसमोर आणा. ‘आपले घर स्मार्ट करायचे’ असे तिथे कधी कुणी ठरवलेले नसते. करोनाच्या काळात ऑक्सिमीटर आला. नंतर दिवाळीच्या सवलतीत हुकूम ऐकणारा स्पीकर आणि दिवे आले. आजोबांच्या पंच्याहत्तरीला अमेरिकेतल्या मुलाने स्मार्टवॉच पाठवले. आजी बाथरूममध्ये घसरल्या, तेव्हा हॉलमध्ये वायफाय कॅमेरा बसला. प्रत्येक खरेदीमागे काळजीच होती. चार-पाच वर्षांत मात्र घरातल्यांची नाडी, झोप, पावले आणि येणे-जाणे यांची नोंद रात्रंदिवस होऊ लागली.

मग एका रात्री दोन वाजता आजोबांचे घड्याळ रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्के दाखवते. धावपळ होते, गाडी निघते. रुग्णालयात बोटाला लावलेले यंत्र ९७ दाखवते. घड्याळाचा पट्टा सैल झाला होता, एवढेच. पण खरा धोका पुढे असतो. ‘ते घड्याळ असेच काहीतरी दाखवते’ अशी सवय लागली, की पुढची खरी सूचनाही दुर्लक्षित राहते.

आकडा येतो कुठून?

घड्याळाच्या मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्त तो शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या रक्ताचे प्रमाण कमी-जास्त होते आणि त्यानुसार परतणारा प्रकाश बदलतो. त्यावरून नाडी मोजली जाते. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतात. बोटाच्या यंत्रात हा प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटावर मात्र परत फिरलेल्या प्रकाशावरच भिस्त असते. हात हलला, गार पडला किंवा पट्टा ढिला झाला, की आकडा चुकू शकतो.

बोटाचे यंत्रही बिनचूक नसते. नेलपॉलिशमुळे त्यात फरक पडतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राला तो न कळण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट आढळले. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेच्या रुग्णांनीही ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

झोपेच्या ‘गुणां’चेही तसेच. झोपेचे टप्पे नेमके ओळखायला मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवाव्या लागतात. घड्याळ हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधते. आदल्या रात्रीचे गुण कमी दिसले, म्हणून छान झोपलेला माणूसही दिवसभर थकल्यासारखा वागतो. गुणांच्या या ध्यासाला अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले.

सूचना म्हणजे निदान नव्हे

याचा अर्थ ही उपकरणे निरुपयोगी आहेत, असा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅपल हार्ट स्टडी’त चार लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. त्यापैकी साधारण अर्धा टक्का लोकांना नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. त्यांच्यातल्या ज्यांनी नंतर ईसीजीचा पॅच लावून तपासणी केली, त्यांपैकी सुमारे ३४ टक्के लोकांत ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा हृदयाच्या तालातला बिघाड आढळला. त्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. हा बिघाड येतो-जातो, म्हणून उरलेल्यांना मिळालेली सूचना खोटीच होती असे म्हणता येत नाही. पण नुसत्या सूचनेवरून औषधही सुरू करता येत नाही. ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवणे, हाच तिचा योग्य उपयोग.

सुई न टोचता रक्तातली साखर सांगणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून मात्र दूरच राहावे. अशी उपकरणे वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले, तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

आजींना विचारले का?

कॅमेरा बसल्यापासून आजी हॉलमध्ये पाय पसरून बसत नाहीत. दुपारी त्या कॅमेऱ्यावर हळूच टॉवेल टाकतात. मुलाचा फोन येतो, ‘आई, दिसत नाहीयेस!’ त्याची काळजी खरी आहे आणि आईचा संकोचही खरा आहे. पडण्याची भीती असेल, तर हालचाल टिपणारा साधा सेन्सर, गळ्यात अडकवायचे मदतीचे बटण, बाथरूममध्ये धरायला दांडी आणि न घसरणारी चटई हे उपाय आधी करता येतात. त्यांत कुणाचे चित्र कुठे जात नाही.

कॅमेरा लावायचाच असेल, तर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड वापरूनच जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

नवे उपकरण घेताना

• या आकड्याचे आपण काय करणार, हे आधी ठरवा. उत्तर नसेल, तर खरेदी थांबवा.
• ज्याची नोंद होणार, त्याची संमती घ्या. नोंद कोण पाहणार, हेही सांगा.
• रक्तदाबासाठी दंडावर पट्टा बांधायचे यंत्रच वापरा. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून मोजा.
• शंकास्पद आकडा दिसला आणि त्रास काहीच नसला, तर पट्टा नीट करून पुन्हा मोजा.
• छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही झाले, तर घड्याळ पाहत बसू नका. ते ‘सर्व ठीक’ म्हणत असले, तरी १०८ ला फोन करा.