सबब आणि संकेतांक

झाशीच्या बाजारातील एका धान्यकोठाराचा जमाखर्च पोस्टग्रेस या डेटाबेसात रुजू करण्याचे काम मी पत्करले होते. शिल्लकेहून अधिक पोत्यांची मागणी आली की ती नामंजूर करून कारकुनास हिंदीत सबब कळवणारी एक प्रोसीजर मी लिहिली. आणि पुढे एका उन्हाळी दुपारी, किल्ल्याची टेकडी झळांमागे थरथरत असता, त्या संदेशातील ‘अप्रयाप्त’ हे अशुद्ध रूप डोळ्यांत खुपले म्हणून ‘अपर्याप्त’ असे केले, तोच कोठारातील पडद्यावर शिल्लक दाखवणारी चौकट उघडेनाशी झाली. पडद्यामागचा प्रोग्राम माझे वाक्य अक्षर न् अक्षर ताडून पाहत होता, आणि त्याचा तरी काय अपराध? त्रुटी उठवण्याची ‘रेझ एक्सेप्शन’ ही आज्ञा नुसती लिहिली असता कोणतीही त्रुटी ‘पी०००१’ या एकाच संकेतांकाने बाहेर पडते; साऱ्या फिर्यादींना एकच क्रमांक दिल्यावर मजकूर वाचण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

२००९ साली पोस्टग्रेसची ८.४ ही आवृत्ती येईपर्यंत त्याच्या प्रोसीजर लिहिण्याच्या भाषेत दुसरा मार्गच नव्हता. मग त्या आज्ञेच्या शेवटी ‘युझिंग’ हा शब्द जोडून त्यापुढे संकेतांक, तपशील, सूचना अशा बाबी नावानिशी मांडण्याची मुभा मिळाली, आणि या रचनेतील दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. कारण २०१३ च्या ९.३ आवृत्तीत कोष्टकाचे व स्तंभाचे नाव त्रुटीबरोबर धाडण्याची सोय झाली, ती आज्ञेच्या घडणीला धक्का न लावता, त्याच यादीत. उलट ऑरॅकल या दुसऱ्या डेटाबेसाने प्रोग्राम लिहिणाऱ्यांस त्रुटींसाठी उणे २०००० ते उणे २०९९९ असे हजार आकडे तोडून दिले, ते मला इनामजमिनीसारखे वाटतात: कोणता आकडा कशाचा, याची वही ज्याची त्याने ठेवायची. (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसातील ‘रेझरर’ या अशाच आज्ञेतून तर इंग्रजी ‘ई’ हे एक अक्षरच गळाले आहे, ते दुरुस्त करण्याचा माझ्यासारखा उत्साह तेथे कोणी दाखवला नाही.)

पाच अक्षरी संकेतांकात देवनागरीला थारा नाही. अंक आणि मोठी रोमन अक्षरे एवढीच चालतात, पहिली दोन त्रुटीचा वर्ग दर्शवतात, आणि आय ते झेड या अक्षरांनी आरंभ होणारे वर्ग एसक्यूएलच्या प्रमाणाने स्वतःसाठी राखलेले नाहीत. आमच्या स्थानकाचे नाव २०२१ च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे झाले आणि त्यामागून ‘जेएचएस’ हा रेल्वेचा जुना संकेतही गेला. माझ्या कोठारात मात्र त्यातील दोन अक्षरे उरली आहेत: अपुऱ्या शिल्लकेचा संकेतांक ‘जेएच००१’ आहे.