आपल्या एका मताने काय होते?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाचट, हुमणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. पण तो उसाच्या बांधावरूनच निघाला, हे वाचताना आपल्या ध्यानात येईलच.

मागे लागण नोंदीच्या फेरीत फर्दापूर शिवारात गेलो होतो. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याचा हा भाग कापसाचा आणि मक्याचा. त्यात विहिरीच्या पाण्यावर ऊस धरून राहिलेले सभासद मोजकेच. एका जुन्या सभासदाच्या मळ्यात चहाला बसलो. सहज विचारले, "आप्पा, वार्षिक सभेला दिसला नाहीत?"

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, येऊन काय करू? गप बसायचं तर घरीच बसलेलं बरं. आन् बोललो तर डोळ्यावर येतो. उद्या तोड लांबली तर उभा ऊस काय डोक्यावर घेऊन फिरू?"

शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. तो हसून म्हणाला, "आणि आपल्या एका मतानं होतंय तरी काय?"

बापाच्या बोलण्यात भीती होती, मुलाच्या बोलण्यात उदासपणा होता. घरी येईपर्यंत हीच दोन वाक्ये डोक्यात घोळत राहिली. कारखाना असो, ग्रामपंचायत असो की दिल्लीची लोकसभा असो, लोकांचे राज्य बिघडते ते याच दोन कारणांनी. आणि ही दोन कारणे एकत्र आली की मागून तिसरा येतो, तो म्हणजे पैसा. हे कसे होते ते एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट भीतीची

तोड कशी ठरते ते आधी सांगतो, कारण ते आमच्याच खात्याचे काम आहे. लागणीची नोंद झाली की तारीख, जात आणि हंगाम रजिस्टरला लागतो. आडसाली ऊस आधी, मग पूर्वहंगामी आणि खोडवा, त्यानंतर सुरू, असा साधारण क्रम असतो. कोसी ६७१ सारखी जात लवकर पक्व होते, को ८६०३२ ला अधिक दिवस लागतात. पक्वता ब्रिक्स मीटरने तपासली जाते. या सगळ्यात मताचा रकाना कोठेही नाही.

पण म्हणून आप्पांची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. निवडणुकीच्या धामधुमीत एखाद्या स्लिपबॉयने किंवा टोळीच्या मुकादमाने "बघून घेऊ" म्हटल्याचे आमच्याही कानावर आले आहे. पक्व ऊस रानात उभा राहिला की वजन घटते, साखर उतरते, पुढचे पीक मागे पडते. ज्याचे सगळे वर्ष त्या एका तोडीवर उभे आहे, त्याला नुसता शब्दही पुरतो. भीती घालायला प्रत्येकाची तोड अडवावी लागत नाही; एकाची लांबली आणि ती का लांबली हे कोणी सांगितले नाही, की चार गावे आपोआप गप्प होतात.

यावर उपाय एकच, रजिस्टर उघडे ठेवणे. आपला क्रमांक कितवा, पुढे कोण, मागे कोण, हे गट कार्यालयात पाहण्याचा आग्रह धरा. क्रम चुकला असे वाटले तर तोंडी तक्रार करू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आम्ही पगारी नोकर आहोत, कोणत्या पॅनेलचे नाही. लेखी अर्जाला लेखी उत्तर देणे आमच्यावर बंधनकारक समजू.

अशी भीती फक्त कारखान्यात असते असे नाही. विधानसभा-लोकसभेचे मत गुप्त असते, कोणी कोणाला दिले ते कळत नाही. पण प्रत्येक मतदान केंद्राचा आकडा वेगळा जाहीर होतो. म्हणजे माणूस कळला नाही तरी गाव कळते. मतपत्रिकांच्या काळात, दहशतीचा संभव असेल तेथे मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय नियमांत होती. यंत्र आले आणि ती सोय मागे पडली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे टोटलायझर वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविले. २०१५ साली विधी आयोगानेही तीच शिफारस केली. ती अद्याप अमलात आलेली नाही. गावाला धाक कसा बसतो, हे वरपर्यंत माहीत आहे, एवढे यावरून समजावे.

दुसरी गोष्ट पाठ फिरवण्याची

आपल्या वार्षिक सभेच्या नोटिशीतले शेवटचे वाक्य कधी नीट वाचले आहे काय? गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही, अशा अर्थाचे ते असते. त्यात गैर काही नाही, नाहीतर सभाच कधी व्हायची नाही. पण परिणाम पाहा. हजारो सभासदांच्या मिळकतीचा निर्णय मांडवात बसलेल्या शे-दोनशे माणसांच्या "मंजूर, मंजूर" वर होतो. कर्ज काढणे, यंत्रसामग्री वाढवणे, गहाणखत करणे, सगळे त्यातच येते.

निवडणुकीचेही गणित मांडू. समजा एका कारखान्याचे १०,००० सभासद आहेत. दोन पॅनेलमध्ये लढत आहे. ८,००० लोकांनी मत दिले तर जिंकायला ४,००१ मते लागतात. ३,००० लोकच आले तर १,५०१ मते पुरतात. म्हणजे १०,००० लोकांच्या मालकीची किल्ली १,५०१ लोकांच्या हाती. पैसा वाटणाऱ्याला किंवा धाक घालणाऱ्याला कोणते काम सोपे? घरी बसलेला माणूस आपले मत कोणालाच देत नाही असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो जे आले त्यांचे वजन वाढवून ठेवतो.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. मुंबईच्या कुलाबा मतदारसंघात निम्मेही मतदार बाहेर पडले नाहीत. उलट कोल्हापूरच्या करवीरमध्ये, जो उसाचाच मुलूख आहे, सुमारे ८५ टक्के मतदान झाले. म्हणजे शिकलेला आणि पैसेवाला अधिक जागरूक असतो, हेही काही खरे नाही.

फर्दापूरकरांनी तर आणखी एक गोष्ट आठवावी. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शीव ओलांडून पलीकडे खानदेश म्हणजे मुंबई इलाखा. तेथे १९३७ च्या निवडणुकीत मिळकत किंवा शिक्षण असलेल्यांना तरी मत होते. आपल्या बाजूला संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाले, आणि प्रत्येक प्रौढ बाई-माणसाच्या हाती मत आले ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. आपल्या आज्या-पणज्यांना जे मिळाले नाही, त्याला "काय होतंय" म्हणणे बरे नव्हे.

तिसरी गोष्ट पैशाच्या वजनाची

कंपनी आणि सहकारी संस्था यांत मुख्य फरक मताचा आहे. कंपनीत जितके भाग तितके मत. तेथे पैसा मत देतो, माणूस नव्हे. सहकारी संस्थेत १९६० च्या कायद्याचे कलम २७ सांगते, एका सभासदाला एकच मत. मग त्याचा भाग एक असो की पन्नास. ते मतही स्वतः येऊन द्यायचे, दुसऱ्याकरवी नाही. देशाच्या निवडणुकीतही हेच तत्त्व आहे. म्हणून कंपनीच्या पैशाचे वजन राज्यकारभारात किती चालावे, हा प्रश्न फार जुना आहे.

१९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमांत बदल मागितला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. कायद्यात मनाई नसल्याने मुख्य न्यायाधीश छागला यांनी परवानगी दिली, परंतु हा प्रकार वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळील, असा इशाराही दिला. १९६९ साली अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली. पुढे नफ्याच्या ठराविक टक्क्यांची मर्यादा होती, ती २०१७ साली काढली. २०१८ पासून निवडणूक रोखे आले. त्यांत कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले, हे मतदाराला कळत नव्हते. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना आणि मर्यादा उठवणारी दुरुस्ती, दोन्ही रद्द केल्या. मतदाराला जाणून घेण्याचा हक्क आहे, हे त्यामागचे कारण. साध्या भाषेत सांगायचे तर, मुनीम आणखी कोणाकडून पैसे घेतो हे मालकाला कळलेच पाहिजे.

आता घराजवळ या. आपल्याच जिल्ह्यातला कन्नडचा सहकारी कारखाना कर्जात गेला. राज्य सहकारी बँकेने २००९ साली तो ताब्यात घेतला आणि २०१२ साली विक्री होऊन तो खाजगी कंपनीकडे गेला. त्या विक्रीच्या व्यवहाराची पुढे चौकशी झाली. त्याचा निवाडा न्यायालय करील, आम्ही त्यात बोलणार नाही. २००२ च्या कायद्याने सावकार बँकेला दावा न लावताही गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते, एवढे मात्र प्रत्येक सभासदाने माहीत करून घ्यावे. गहाणखताला संमती कोणत्या सभेत दिली गेली, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही राहत नाही.

खाजगी कारखाना वाईटच असतो, असे आमचे म्हणणे नाही. एफआरपी दोघांनाही लागू आहे, १४ दिवसांची मुदतही दोघांना आहे. काही खाजगी कारखाने वेळेवर पैसे देतात, काही सहकारी कारखाने थकवतात, हे आपण पाहतो. महाराष्ट्रात आता खाजगी आणि सहकारी कारखाने जवळपास निम्मे-निम्मे झाले आहेत. पण खाजगी कारखान्याच्या दारात आपण ऊस घालणारे असतो. भाव परवडला नाही तर दुसरीकडे जाणे एवढेच आपल्या हाती. सहकारी कारखान्यात चेअरमनला हिशेब विचारणे आणि पुढच्या वेळी त्याला घरी बसवणेही आपल्या हाती आहे. हा हक्क वापरलाच नाही, तर दोन्हींत फरक तो काय राहिला?

लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून कारखाना उभारला. ३१ डिसेंबर १९५० ला त्याचे पहिले गाळप सुरू झाले. त्यापूर्वी नगर जिल्ह्यात कंपन्यांचे कारखाने होतेच. साखर तेथेही निघत होती. शेतकऱ्याला नुसती साखर नको होती, मालकी हवी होती.

तेव्हा करावे काय?

१. मतदार यादी पाहा. संचालक मंडळाच्या निवडणुकीआधी प्रारूप यादी लागते आणि हरकतीची मुदत असते. मुदत गेल्यावर भांडून उपयोग नाही.

२. पुष्कळ भाग अजून मयत वडिलांच्या नावावर आहेत. मृत्यूचा दाखला जोडून वारसनोंदीचा अर्ज द्या. मयताला मत नाही, आणि नोंद नसलेल्या वारसालाही नाही.

३. सभेला या. सलग सभा चुकवणे आणि ऊस न घालणे यांवरून क्रियाशील सभासद ठरवण्याची तरतूद २०१३ साली कायद्यात आली. पुढे तिच्यात बदल झाले. आपली नोंद कशी आहे ते कार्यालयात विचारून घ्या.

४. अहवाल सभेच्या आदल्या रात्री तरी वाचा. कर्ज किती, गहाण काय, व्याज किती, एवढे तीन आकडे शोधा. समजले नाही तर घरातल्या शिकत्या मुला-मुलीला विचारा.

५. एकट्याने बोलायला भीती वाटत असेल तर गावच्या दहा सभासदांनी मिळून एकच लेखी प्रश्न द्यावा. दहा जणांची तोड एकदम लांबवणे कोणालाही सोपे नाही.

आप्पांच्या मुलाला आम्ही त्या दिवशी एवढेच म्हणालो, "बाबा, एका कांड्यानं घागर भरत नाही खरं, पण मोळी बांधायला बसलं की कांडीच मोजावी लागतात." तो काही बोलला नाही. पण आठ दिवसांनी गट कार्यालयात येऊन त्याने तोडणी रजिस्टर मागितले, वडिलांचा क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून घेतला आणि पुढच्या सभेची तारीख विचारून गेला.

रजिस्टर सर्वांसाठी ठेवले आहे. कामकाजाच्या कोणत्याही दिवशी यावे.



आपला,
ऊस विकास अधिकारी