खिडकींतील खिडकी

कचेरींत संगणकावर काम करणाऱ्या लेखनिकाचा पुष्कळसा वेळ एकच मजकूर दोनदां लिहिण्यांत जातो. ग्राहकाचें नांव, पत्ता, रक्कम हीं सर्व हिशेबाच्या आज्ञावलींत अगोदरच नोंदलेलीं असतात. परंतु तींच पुन्हां एखाद्या वेबपानावरील फॉर्मांत, रकान्यामागून रकाना, हातानें भरावीं लागतात. हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्यांनीं एक युक्ति योजिली. त्यांनीं आपल्या आज्ञावलीच्या खिडकींतच एक लहानसा ब्राउझर बसविला आणि त्यांत उघडलेल्या पानावरील रकाने आज्ञावलीकडूनच भरविले.

ही युक्ति कशी चालते हें समजण्यास पानाचें अंतरंग पाहिलें पाहिजे. वेबपान डोळ्यांना चित्रासारखें सपाट दिसतें. ब्राउझर मात्र तें वाचून त्याची एक वंशावळ तयार करतो. हिला ‘डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल’, संक्षेपानें ‘डॉम’, म्हणतात. मूळ पुरुष म्हणजे सबंध पान. त्याच्या पोटीं फॉर्म, आणि फॉर्माच्या पोटीं रकाने व बटणें. बहुतेक रकान्यांना नांव किंवा ओळखचिन्ह असतें. त्या नांवानें हांक मारली कीं रकाना सांपडतो. त्यांतील मजकूर वाचतां येतो, बदलतां येतो, आणि बटण दाबल्याचा परिणामही घडवितां येतो.

मायक्रोसॉफ्टनें २००५ सालीं डॉटनेट फ्रेमवर्कच्या दुसऱ्या आवृत्तींत ‘वेबब्राउझर’ नांवाचें साधन दिलें, त्यानें हें काम फार सोपें झालें. त्याच्या आंत इंटरनेट एक्सप्लोररचेंच यंत्र होतें. आज्ञावलीनें पान मागवावें, तें पुरें उतरल्याची वर्दी येईपर्यंत थांबावें, आणि मग वंशावळींत शिरून रकाने भरावे. नवशिका चुकतो तो या थांबण्यांत. वर्दीपूर्वींच रकाना शोधला तर हाताला कांहींच लागत नाहीं. पानांत अनेक चौकटी असल्या तर वर्दीही अनेक वेळां येते. आणि कांहीं रकाने तर पान उतरल्यानंतर त्यांतील जावास्क्रिप्ट मागाहून निर्माण करते. कधीं कधीं मजकूर रकान्यांत स्पष्ट दिसतो, तरीही फॉर्म तो रिकामाच समजतो; कारण टंकलेखन झाल्याची जी सूचना पानाला मिळावयाची, ती आज्ञावलीनें पाठविलेली नसते.

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजीं बहुतेक विंडोज १० संगणकांवरून निवृत्त झाला. नव्या कामासाठीं २०२० पासून ‘वेबव्ह्यू२’ हें क्रोमियमवर आधारलेलें साधन उपलब्ध आहे. येथें पान निराळ्या प्रक्रियेंत चालतें, म्हणून वंशावळीला थेट हात लावतां येत नाहीं. आज्ञावली जावास्क्रिप्टचा तुकडा चिठ्ठीसारखा आंत पाठविते, आणि उत्तर कांहीं क्षणांनीं जेसन या लिखित रूपांत परत येतें. चिठ्ठी लिहितांना जपावें लागतें. एखाद्या गोवेकर ग्राहकाचें आडनांव रोमन लिपींत ‘डिसूझा’ असें लिहिलें, तर त्यांत ‘डि’च्या पुढें बहुधा एक अवतरणचिन्ह येतें, आणि तेवढ्यानें चिठ्ठीचें वाक्य मध्येंच तुटतें. मजकूर आधीं जेसनांत गुंडाळून मगच चिठ्ठींत घालणें हा त्यावरचा साधा उपाय. तो न केल्यास कोणी लबाड मनुष्य नांवाच्या रकान्यांतून आपलीच आज्ञाही आंत सारूं शकेल.

परंतु खरी चिंता याहून निराळी आहे. जी आज्ञावली रकाना भरूं शकते, ती तो वाचूंही शकते, आणि यांत पासवर्डचा रकानाही आला. पडद्यावर दिसणारे काळे ठिपके हे केवळ पाठीमागून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासाठीं असतात. यजमान आज्ञावलीला त्याखालील अक्षरें जशींच्या तशीं मिळतात. शिवाय अशा खिडकीला पुष्कळदां पत्त्याची पट्टी नसते, म्हणून समोरचें पान खऱ्या बँकेचें कीं कोणीं सजविलेलें सोंग, हें वापरणाऱ्यास कळावें कसें?

याच कारणानें ऑक्टोबर २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८२५२ या इंटरनेट-नियमपत्रानें, ओऑथ पद्धतीनें संमति घेतांना संगणकावरील वा मोबाइलवरील आज्ञावलींनीं असला अंतःस्थ ब्राउझर वापरूं नये, असें सांगितलें. आणि गूगलनेंही २०२१ सालीं आपल्या अशा संमतिविनंत्या अंतःस्थ ब्राउझरांतून स्वीकारणें बंद केलें. स्वतःच्याच कचेरीचें पान आपल्याच आज्ञावलींत भरणें यास कोणाची हरकत नाहीं. दुसऱ्याच्या दाराशीं ओळख पटवावयाची असेल, तेव्हां मात्र आज्ञावलीनें वापरणाऱ्याचा नेहमींचा ब्राउझर उघडून द्यावा. पासवर्ड तेथें लिहिला जातो. तें काम झालें कीं ब्राउझर त्याच संगणकावरील १२७.०.०.१ या पत्त्यावर एक अल्पजीवी संकेत आणून देतो, आणि तो देऊन आज्ञावली ठराविक कामापुरता परवाना मिळविते.