वाघूरचा धबधबा आणि न विरघळणारा पाषाण

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि तेव्हापासून पावसाळा लागला की धबधब्यांवरील बंदीच्या आदेशांची चर्चा सुरू होते. बंदी आवश्यकच आहे. परंतु जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवरील अजिंठ्याच्या सप्तकुंड धबधब्याकडे निघालेल्या पर्यटकाला तेथील वाघूर नदीची दरी कशी घडली हे कळले, तर तेथील धोकाही त्याला अधिक चांगला कळेल.

नदीने कोरलेल्या अरुंद दऱ्या चुनखडकाच्या प्रदेशात विशेष आढळतात, कारण हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी भेगांत मुरते, खडक विरघळवते आणि दरीबरोबर गुहाही घडवते. आंध्रातील बोर्रा गुहा अशाच घडल्या. खान्देशात चुनखडी भेटते ती मुख्यतः तापीकाठच्या गाळातील खड्यांच्या रूपात. अजिंठ्याचे डोंगर मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्ह्याचे, म्हणजे बेसाल्टचे आहेत, आणि हा काळा पाषाण चुनखडकासारखा विरघळत नाही.

तेथे वाघूर नदी वेगळ्या रीतीने काम करते. लाव्हा थंड होताना आकसून त्यात भेगा पडलेल्या असतात. पुराचे पाणी त्यांत शिरून दगडाचे ठोकळे उपसते, त्यामुळे कडा हळूहळू मागे सरकतो, आणि भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत तळ घासत राहतात. अशा घर्षणाने पडणाऱ्या गोल, खोल खड्ड्यांना रांजणखळगे म्हणतात, आणि पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात ते उत्तम पाहता येतात. सप्तकुंडाच्या गुळगुळीत काठावर उभे राहिलेल्याला खालच्या खोलीचा अंदाज येत नाही, तो यामुळेच.

खडक विरघळत नसल्याने येथे निसर्गाने गुहा दिल्या नाहीत; वाघूरने घोड्याच्या नालेच्या आकारात कापलेल्या सुमारे ७६ मीटर उंच कड्यात सातवाहनकाळी आणि पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळी अजिंठ्याची ३० लेणी छिन्नी-हातोड्याने खोदावी लागली. लेण्यांतून नदीपर्यंत पायऱ्या उतरत असत, आणि भिक्षू येथे वर्षावास करीत, म्हणजे पावसाळ्यात भ्रमंती थांबवून एका ठिकाणी राहत. धबधब्याचा हंगाम तोच या विहारांच्या मुख्य वस्तीचाही हंगाम होता. जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी, ऐन उन्हाळ्यात, ही लेणी पाहिली. ती तारीख सर्वत्र सांगितली जाते. परंतु लेणी आणि नदी यांचे नाते समजून घ्यायचे असेल तर भर श्रावणातच जावे.

हीच वाघूर पुढे तापीला मिळते, आणि तिच्यावरील धरणाचे पाणी जळगावकर पितात. सोमवारी लेणी बंद असतात, आणि फर्दापूरच्या फाट्यापासून पुढे बसनेच जावे लागते. पर्यटकांनी धबधबा लेण्यांच्या वाटेवरूनच पाहावा, आणि प्रशासनाने बंदीच्या फलकाशेजारी या दरीची घडण मराठीत सांगणारा दुसरा फलक उभारावा.